शेतात जुनी नाणी सापडली तर? पहिली नाणी, जोगलटेंभीचा साठा आणि कायदा : सविस्तर माहिती

ग्रामीण भागात जुनी नाणी सापडतात ती बहुतेक वेळा ठरवून नाही. नांगरट चालू असते, विहिरीचं खोदकाम असतं, शेततळ्याची माती निघत असते किंवा पडक्या वाड्याचा पाया उकरला जात असतो. मग एखादं गाडगं फुटतं आणि हिरवट-काळपट चकत्या बाहेर येतात. पुढे बहुतेकांना दोनच वाटा सुचतात. एक, सोनाराकडे नेऊन मोडायचं. दुसरी, घरात दडवून ठेवायचं. तहसील कार्यालयात कळवायचं ही तिसरी वाट अनेकांना माहीतच नसते, आणि माहीत असली तरी 'सरकार सगळं घेऊन जाईल' ही भीती आडवी येते.

ही भीती किती खरी, किती खोटी, हे पाहायला हवंच. पण त्याआधी ही नाणी आली कुठून, त्यांच्यावरच्या खुणा काय सांगतात आणि साठा फुटला की नेमकं काय जातं, हे समजून घ्यायला हवं. आपल्या भागाचा दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास मोठ्या प्रमाणात अशाच सापडलेल्या नाण्यांवरून लिहिला गेला आहे.

नाणं कशाला म्हणायचं?

व्यवहार नाण्यांच्या आधीही होताच. धान्य, गाई, कवड्या, धातूचे तुकडे यांवर देवाणघेवाण चालायची. धातूचा तुकडा घेताना मात्र दर वेळी दोन गोष्टी तपासाव्या लागत : वजन बरोबर आहे का, आणि धातू शुद्ध आहे का. ठरलेल्या वजनाच्या तुकड्यावर राजाने किंवा व्यापारी श्रेणीने जबाबदारी घेऊन ठसा मारला, तेव्हा त्या तुकड्याचं नाणं झालं. ठसा म्हणजे हमी. आजही आपण भरवशाच्या माणसाला 'खणखणीत नाणं' म्हणतो.

जगातली सर्वांत जुनी नाणी म्हणून साधारणपणे लिडिया या राज्याची नाणी दाखवली जातात. हे राज्य आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात होतं आणि सार्डिस ही त्याची राजधानी. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात तिथे सोनं आणि चांदी यांच्या नैसर्गिक मिश्रधातूचे लहान गोळे ठसा मारून चलनात आले. पुढे सहाव्या शतकात क्रीसस राजाच्या काळात सोन्याची आणि चांदीची नाणी वेगवेगळी पाडली जाऊ लागली.

भारतातली आहत नाणी

भारतात नाणी साधारण इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत दिसू लागतात. ही कल्पना बाहेरून आली की इथेच स्वतंत्रपणे उगवली, यावर अभ्यासकांमध्ये जुना वाद आहे. पण इथली पद्धत वेगळी होती, हे नाणं हातात घेतलं की कळतं.

या नाण्यांना 'आहत नाणी' म्हणतात. आहत म्हणजे ठोकलेली. चांदी ठोकून पातळ पत्रा करायचा, त्याच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे तुकडे कापायचे. तुकडा वजनाला जास्त भरला तर कोपरा छाटायचा. त्यामुळे ही नाणी चौकोनी, लांबट, वेडीवाकडी असतात. नंतर एकाच बाजूवर छोटे-छोटे ठसे मारायचे : सूर्य, सहा टोकांचं चक्र, डोंगर, झाड, हत्ती, बैल. मगध आणि मौर्य काळातल्या नाण्यांवर साधारणपणे असे पाच ठसे असतात. राजाचं नाव नाही, चेहरा नाही, साल नाही. मागच्या बाजूला कधी कधी बारीक खुणा दिसतात. नाणं पुढे कुणी तपासून घेतलं, त्या पारख करणाऱ्याच्या त्या खुणा असाव्यात असं मानलं जातं.

चांदीच्या या नाण्याला 'कार्षापण' म्हणत. त्याचं प्रमाण वजन ३२ रती, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास. रती म्हणजे गुंजेचं बी. जुने सोनार परवा-परवापर्यंत याच लाल-काळ्या बियांवर सोनं तोलत होते.

या व्यवहाराचे शब्द आपल्या बोलण्यात अजून आहेत. पाणिनीच्या व्याकरणात ठसा मारलेल्या नाण्यासाठी 'रूप्य' हा शब्द येतो, त्याच घराण्यातला आपला 'रुपया'. ग्रीक 'द्रख्म'चं भारतात 'द्रम्म' झालं आणि द्रम्मचं 'दाम'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पाडणाऱ्या खात्याचा प्रमुख 'लक्षणाध्यक्ष' आणि नाणी पारखणारा 'रूपदर्शक' असे अधिकारी आहेत. मराठी मुलखात हेच पारखण्याचं काम पुढे पोतदारांकडे होतं. आडनाव राहिलं, काम गेलं.

सातवाहन : शिशाची नाणी आणि राजाचं नाव

महाराष्ट्रात नाण्यांवर राजांची नावं ठळकपणे दिसू लागली ती सातवाहनांच्या काळात. पैठण, जुन्नर, नाशिक, तेर, नेवासे, भोकरदन हा सारा पट्टा त्या काळी व्यापाराच्या वाटांवर होता. सातवाहनांनी तांबं, शिसं आणि पोटीन यांची नाणी मोठ्या प्रमाणात पाडली. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण. सोंड वर केलेला हत्ती, तीन कमानींचा डोंगर आणि एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं, ज्याला अभ्यासक 'उज्जैन चिन्ह' म्हणतात, या त्यांच्या नाण्यांवरच्या नेहमीच्या खुणा. कडेने ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतला लेख असतो. काही लेख 'रञो', म्हणजे 'राजाचं', या शब्दाने सुरू होतात.

शिसं हा हलका धातू समजला जातो, म्हणून अशी नाणी सापडली की 'छर्रे असतील' म्हणून फेकून देणारेही असतात. पण बाजारहाटातला रोजचा किरकोळ व्यवहार याच नाण्यांवर चालत होता. चांदी मोठ्या व्यवहाराला, शिसं आणि तांबं भाजीपाल्याला, असा साधारण हिशेब.

गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांची राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणीही मिळाली आहेत. त्यांच्या एका बाजूला प्राकृत लेख आहे, तर दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडच्या द्राविडी वळणाच्या भाषेतला. दोन भाषा बोलणाऱ्या प्रजेसाठी दोन भाषांतलं नाणं.

जोगलटेंभीचा साठा

नाण्यांचा एक साठा इतिहासाची किती पानं भरू शकतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं आहे. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी या गोदाकाठच्या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती तेरा हजारांहून जास्त, साधारण १३,२५०. एक नाणं दोन ग्रॅमचं धरलं, तरी ही पंचवीस किलोहून जास्त चांदी होते.

नाणी होती क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. म्हणजे एकाच छोट्या नाण्यावर तीन लिप्या. नहपानाची सत्ता त्या वेळी गुजरातपासून नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंत पसरली होती.

खरी गंमत पुढे आहे. या १३,२५० पैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकलं होतं. नाणी वितळवली नाहीत, नवीन पाडली नाहीत, जुन्याच नाण्यांवर आपली मोहोर मारून ती चालू केली. सत्ता बदलली, हे लोकांच्या हातातल्या पैशावरच उमटलं.

नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला, असं त्यात म्हटलं आहे. पण घरच्यांनी केलेली स्तुती पुरावा म्हणून किती धरायची, हा प्रश्न उरतोच. जोगलटेंभीच्या नाण्यांनी तो सोडवला. शिलालेखाने सांगितलं आणि नाण्यांनी साक्ष दिली.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. नहपानाच्या नावाच्या या नाण्यांवर चेहरे मात्र एकसारखे नाहीत. काही तरुण, काही म्हातारे, नाक-हनुवटीही वेगळी. हजारो नाणी शेजारी-शेजारी ठेवून पाहता आली, म्हणूनच हे दिसलं.

साठ्यात जे नव्हतं, तेही महत्त्वाचं ठरलं. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या मधे एखादा क्षहरात राजा होऊन गेला असता, तर त्याचीही नाणी या ढिगात असायला हवी होती. ती नाहीत. त्यावरून गौतमीपुत्राने थेट नहपानाचाच पराभव केला असावा, असा तर्क अभ्यासकांनी मांडला.

इथेच मुद्दा स्पष्ट होतो. हीच नाणी पाच-पन्नास करून वेगवेगळ्या सोनारांकडे गेली असती तर चांदी मिळाली असती, पण वरचं काहीच कळलं नसतं. एकूण किती नाणी, त्यांतली ठोकलेली किती, बिनठोकलेली किती, मधलं कोणतं नाही, ही सगळी माहिती साठा एकत्र असतानाच मिळते. सुटं नाणं एक वस्तू असतं. जागेसकट, भांड्यासकट, सोबतच्या नाण्यांसकट ते पुरावा होतं.

लेण्यांच्या भिंतीवरचा व्याजाचा हिशेब

या पैशाचं लोक करत काय होते, हेही आपल्याच भागात कोरून ठेवलेलं आहे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात दानाची नोंद केली आहे. त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २,००० वर दरमहा दरशेकडा एक, आणि १,००० वर दरशेकडा पाऊण असं व्याज ठरलं. मुद्दल काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं.

पहिल्या ठेवीचा हिशेब मांडून पाहा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असं लेखात आहे. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आजही जुळतो. त्याच लेखात सोन्याच्या 'सुवर्ण' नाण्याचा दरही आहे : ३५ कार्षापणांना एक सुवर्ण.

जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत गाई, घोडे, हत्तींबरोबर हजारो कार्षापण दिल्याची नोंद आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

नाणी जमवणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

नाणी जमवणं हा गुन्हा नाही. गावोगाव शिक्षक, एसटीतले कर्मचारी, दुकानदार हा छंद जोपासतात. अनेकांची सुरुवात घरातल्या देव्हाऱ्यातल्या शिवराईपासून किंवा ब्रिटिशकालीन 'ढब्बू' पैशापासून होते. पण काही पथ्यं पाळायला हवीत.

- घासून चमकवू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांनी नाणं चकचकीत होतं, पण वरचा शेकडो वर्षांचा थर आणि त्याबरोबर बारीक अक्षरं जातात. संग्राहक असं नाणं कमी भावात घेतात आणि अभ्यासकाला ते वाचता येत नाही.
- कडेला धरा. बोटांचा घाम धातूला लागतो. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांनी नाणी हिरवी आणि चिकट होतात.
- नोंद ठेवा. वजन, आकार, धातू, कुठून आणि कधी मिळालं, हे पाकिटावर लिहा. नोंद नसलेला संग्रह पुढच्या पिढीला नुसती मोड वाटते.
- बनावट ओळखा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसू शकतात. अनेक नाणी वजनाला आणि खुणांना अगदी तंतोतंत सारखी असतील, तर शंका घ्यावी. हाताने ठोकलेली खरी नाणी सहसा अशी हुबेहूब नसतात.
- उकरायला जाऊ नका. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खोदकाम करणं गुन्हा आहे. जुन्या पांढरीच्या जागी यंत्र घेऊन रात्री फिरणारी माणसं दिसली, तर ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना कळवावं.

कायदा काय सांगतो?

जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. त्यातल्या मुख्य तरतुदी साध्या भाषेत अशा :

१. सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कधी, हे त्यात लिहायचं. दहा रुपयांची मर्यादा कायद्याच्या काळातली आहे, त्यामुळे आज जवळपास प्रत्येक साठा त्यात बसतो.

२. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची.

३. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून कुणाचा दावा आहे का ते पाहतात. दावेदार नसेल तर निधी बेवारस जाहीर होतो.

४. सापडणारा आणि जमीनमालक वेगळे असतील आणि त्यांच्यात दुसरा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असतो. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेलेल्या माणसाला साठा सापडला, तर कायदा त्याला मोठा वाटेकरी मानतो.

५. सरकारला निधी स्वतःकडे घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश इतकी रक्कम देऊन तो घेता येतो.

६. कळवलं नाही, तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लपवायला मदत करणारा जमीनमालकही यात अडकतो.

म्हणजे 'सरकार फुकटात नेतं' हे खरं नाही. पण पाचव्या तरतुदीतली अडचणही झाकून चालणार नाही. दुर्मीळ नाण्याची संग्राहकांच्या बाजारातली किंमत त्याच्या चांदीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते आणि कायदा हिशेब धातूचा धरतो. अनेक साठे गुपचूप फुटतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

याशिवाय १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरू शकतं. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. बेकायदा निर्यातीला सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

साठा सापडला तर पहिल्या तासात काय करावं?

- खोदकाम लगेच थांबवा. भांडं हलवू नका, आतली नाणी मोजायला बाहेर ओतू नका.
- मोबाइलवर फोटो काढा : जवळून एक, आणि मागे झाड, विहीर, बांध दिसेल असा लांबून एक. गट नंबर आणि साधारण किती फुटांवर सापडलं, ते लिहून ठेवा.
- तलाठी, पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पंचनामा होताना हजर राहा आणि नाण्यांची संख्या व वजन त्यात आहे का, ते वाचूनच सही करा. वाट्याचा हक्क पुढे याच कागदावर उभा राहतो.
- नाणी वाटून घेऊ नका. 'आठवण म्हणून एक' असं म्हणत दहा जणांनी दहा नाणी घेतली, की साठ्याचा हिशेब कायमचा बिघडतो.

दोन प्रकारच्या फसवणुकीपासून सावध

पहिली मोबाइलवरची. 'ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट द्या, लाखो मिळवा' अशा जाहिराती येतात. फोन केला की नोंदणी, कर, कमिशन अशा नावाखाली आधी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही आणि तिने कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

दुसरी गुप्तधनाच्या नावाची. 'तुमच्या घराखाली हंडा आहे' असं सांगून पूजेच्या नावाने लुटणारे आजही फिरतात, आणि त्यातून अघोरी प्रकारही घडतात. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुप्तधनासाठी केलेले अमानुष प्रकार गुन्हा आहेत.

प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था, आणि धाराशिव जिल्ह्यात तेरचं लामतुरे संग्रहालय इथे जुनी नाणी आणि त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. शाळेची सहल नेण्याआधी वेळा आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा. घरात जुनं नाणं असेल, तर आधी अशा ठिकाणच्या जाणकारांना दाखवावं. भट्टीत गेलेलं नाणं परत वाचता येत नाही.